शेवटच्या ओळीचं पाणी

आळंदी, मंगळवार

प्रिय रणजीत,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला, पण आईनं पत्राची रीत शिकवली ती अशीच, म्हणून लिहिलंय. तुझ्यावर मला इतका राग आलाय की कालपासून खानावळीत दोनदा आमटी करपली आणि पोरं निमूट जेवून गेली, माझं तोंड बघून एकानंही तक्रार केली नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि नंतर व्हॉट्सअॅपवर एक अंगठा पाठवतोस. तो अंगठा बघितला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून हा कागद. तुझे दाजी उद्या सकाळी रावेतला येऊन तुझ्या हातात देतील. गेटवरच्या माणसाकडे ठेवू नका असं त्यांना बजावलंय. तू वाच, मग स्नेहललाही वाचायला दे. बायकोपासून लपवलंस तर मी दुसरं पत्र थेट तिलाच लिहीन.

तुझा गेल्या आठवड्यातला निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे. "ताई, एकादशीला जाशील तेव्हा बागेचं ठिबक काढून टाक. आबांना जमत नाही. नळ्या गुंडाळून ठेव, शेडवर कामाला येतील. गुरुवारी त्यांना मेमरीच्या डॉक्टरकडे नेतोय, नंतर इकडेच आणू." एवढ्याच ओळी. चिखलीचं घर, मागची बाग आणि आपला बाप, तिन्ही तू एका मेसेजमध्ये गुंडाळलेस. त्यांना रावेतला नेलं की घर पाडून, शेजारी तू बांधतोयस तशीच दुसरी शेड तिथं उभी करायची, हे तू मला सांगितलं नाहीस. ते मला शेडवरच्या माणसाकडून कळलं. त्याच्याविषयी पुढं लिहिते.

आधी ठिबकचं सांगते, कारण तू त्याच्यावरूनच आबांना वेड्यात काढलंस. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बादली उचलायची नाही असा दम दिला, तेव्हा तू चाकणहून येताना सगळं सामान घेऊन आलास. ते तू चांगलं केलंस, ते मी नाकारत नाही. स्लॅबवरच्या टाकीला जोड काढलास, फिल्टर बसवलास, सकाळी सहाला आपोआप सुरू होणारा टायमर लावलास, आणि तीन ओळींत नळ्या टाकल्यास. पहिली कढीपत्ता-मोगऱ्याची, मधली मिरच्या-टोमॅटोची, कंपाउंडजवळची शेवटची वांग्यांची. आबा तेव्हा कमरेवर हात ठेवून बघत होते आणि म्हणाले होते की थेंबाथेंबानं कुणाची तहान भागते का. ज्या माणसानं उभा जन्म फावडं घेऊन दारं धरली, पाणी सरीतून पळताना पाहिलं, त्याला ते थेंब म्हणजे चेष्टाच वाटली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पहिल्या ओळीतले सगळे ड्रिपर, थेंब सोडणाऱ्या त्या बारीक तोट्या, उपटले, भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि शेवटच्या ओळीला पाणी पोचेना. मी त्यांना समजावलं, पुढच्यांनी घटाघटा प्यायलं तर मागच्यांना काय उरणार. पटलं त्यांना. सगळे ड्रिपर त्यांनी स्वतः पुन्हा बसवले, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत बागेबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. वांग्यांच्या पिशव्या भरभरून रावेतला येत होत्या आणि स्नेहल त्यांचे फोटो टाकत होती, हे तुला आठवत असेलच.

मग दिवाळीनंतर प्रेशर पडायला लागलं. तू दोन महिन्यांनी एका गुरुवारी स्नेहलला घेऊन गेलास, तर मधली ओळ वाळलेली आणि पहिल्या ओळीतले ड्रिपर पुन्हा काढलेले. तू अंगणात उभा राहून, स्नेहलसमोर, शेडच्या गवंड्यांसमोर, त्यांना विचारलंस की हे तुम्ही केलं का. ते म्हणाले, व्हय, मीच काढलं. तू म्हणालास, मागच्या वेळी सांगितलं होतं ना, तुमच्या डोक्यात काही राहतं की नाही. हे मला समोरच्या नूरबीभाभींनी सांगितलं. त्या सांगताना रस्त्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. आपल्या बापाला कुणी असं बोललेलं शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकायचं, ही वेळ तू माझ्यावर आणलीस. तू साहेब असशील तर कंपनीत. आपल्या अंगणात तू मारुतरावांचा पोरगा आहेस.

मीही आधी तुझंच खरं धरलं होतं. त्यानंतरच्या एकादशीला मी दुपारच्या बसनं गेले, नेहमीसारखी. ड्रिपर जागेवर दाबून बसवले आणि हातानं टायमर सुरू केला. तिन्ही ओळी टपटप चालल्या, शेवटच्या वांग्याच्या बुडाशीसुद्धा ओल आली. म्हटलं, झालं काम. आठवडा गेला आणि आबांनी फोनवर सांगितलं की मधली ओळ पार गेली. मग मात्र मला चैन पडेना. दुपारी पाणी पोचतं आणि झाडं मरतात, हे कसं?

म्हणून या वेळी मी दशमीला संध्याकाळीच गेले आणि मुक्काम केला. उजेड होता तोवर सगळं उघडून तपासलं. फिल्टरची जाळी काढली, तिच्यावर गाळ होता पण फार नव्हता, जुन्या ब्रशनं घासून बसवली. बोअरच्या पाण्याचे क्षार ड्रिपरमध्ये बसतात, म्हणून सगळे ड्रिपर व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन पुन्हा बसवले. नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडलं, आत अडकलेली माती निघून गेली. नळी कुठं दुमडलीय का, उंदरानं कुरतडलीय का, हे सगळं हातानं चाचपत शेवटपर्यंत गेले. आबा ओट्यावर बसून बघत होते आणि सारखे म्हणत होते, राहू दे गं, माझीच चूक हाय, कशाला हात घाण करतीस. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आबांना आपली चूक कबूल करताना तू कधी पाहिलंयस? आईची गाय हरवली होती तेव्हा दार उघडं यांनी ठेवलं होतं आणि आठ दिवस दोष गायीला दिला होता.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. मधली ओळ वाळली होती, पण शेवटची हिरवीगार होती. तूही ती पाहिलीस त्या गुरुवारी, आणि वांगी तोडून घेऊन गेलास. अरे, प्रेशर कमी पडलं तर आधी शेवटची ओळ मरते. टाकीपासून सगळ्यात लांबची ती. पाणी मधली ओळ ओलांडून शेवटच्या ओळीत उडी मारत नाही. एवढं शाळेतल्या पोराला कळतं आणि तू मशीनवर आयुष्य घालवणारा माणूस. तुझ्या प्लांटमध्ये एखाद्या मशीनचं प्रेशर पडलं तर तू लाइन तपासतोस, गळती शोधतोस, व्हॉल्व्ह उघडून बघतोस. ऑपरेटरला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवत नाहीस.

सकाळी टायमर टक् करून सुरू झाला तेव्हा मी टाकीखाली उभी होते. पहिल्या ओळीत चार थेंब आले, मधलीत काहीच नाही, शेवटचीत काहीच नाही. टाकी काठोकाठ भरलेली, फिल्टर स्वच्छ, ड्रिपर धुतलेले. टाकीच्या बुडातून जो पाइप निघतो त्याला मी हात लावला तर आतून पाणी जोरात धावत होतं, हाताला थरथर लागत होती. बाग कोरडी आणि पाइप भरून वाहतोय. मग पाइपाच्या मागं मागं गेले. भिंतीवरून खाली, न्हाणीच्या मागं, आणि तिथं तुझी टी निघाली, एका पाइपाचे दोन फाटे करणारी. नवी कोरी. तिथून जाड पाइप जमिनीत पुरलेला, वर मुरूम टाकून चोपलेला. मी मुरमावरून चालत गेले आणि थेट तुझ्या शेडवर पोचले. तिथं ज्योतीराम म्हणून माणूस नव्या भिंतींना पाणी मारत होता. आपल्या टाकीचं पाणी, बोटभर जाडीची धार.

मी त्याला विचारलं, तर बिचाऱ्यानं काही लपवलं नाही. लपवायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. टँकर परवडत नाही म्हणून साहेबांनी दिवाळीत ही लाइन जोडली, असं म्हणाला. दिवाळीत आबा आठ दिवस माझ्याकडे आळंदीला होते. म्हणजे बाप घरात नाही हे बघून तू जमीन उकरलीस. त्यांना विचारलं असतंस तर ते नाही म्हणाले असते का? ती शेड त्यांच्याच जागेवर उभी आहे, तुझ्यासाठी त्यांनी ती जागा एका शब्दात मोकळी करून दिली. पण विचारणं तुला जड गेलं. आणि 'हे घर पाडलं की दुसरी शेड इथंच' हेही ज्योतीरामनंच सहज सांगितलं. त्याला वाटलं मला ठाऊक असेल, मी घरची लेक आहे.

"बाबांना ठाऊक हाय की समदं," तो म्हणाला. "शेडचा कॉक रोज सकाळी तेच सोडत्यात. म्हणत्यात, आदी भिताडास्नी पाणी दे, पोराचं नवं काम हाय, तडा जाया नको."

हे ऐकून मी तिथल्या विटांच्या थप्पीवर बसले. मला वाटलं होतं की तू त्यांना फसवलंस. फसवलंस तर खरंच, पण ते फसले नव्हते. माझ्याकडून परत आल्या दिवशीच त्यांना ताजा मुरूम दिसला होता. सहाला टायमर लागतो, त्याच वेळी भिंतींना पाणी मारायचं असतं, दोन्हींना एकदम पुरत नाही. त्यांनी बागेचं पाणी तुझ्या भिंतींना दिलं. मधली ओळ मरू दिली. आणि शेवटच्या ओळीला ते रोज उजाडता उजाडता रंगाच्या डब्यानं पाणी घालत होते. तो डबा नूरबीभाभींच्या गॅरेजमधला. त्यांनी दोनदा सांगितलं म्हणे, मारुतराव, पोटाचं ऑपरेशन झालंय तुमचं, मी आमच्या अजिमला सांगते. आबांनी ऐकलं नाही. तीन ओळींना डबा वाहणं झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी एक निवडली. वांग्यांची, कारण तुझ्या ओंकारला आजोबांकडची भरली वांगी लागतात. तू नेलेल्या पिशवीतलं एकेक वांगं त्या डब्याच्या पाण्यावर वाढलेलं होतं. पोटाला टाके पडलेला माणूस वाकून वाकून पाणी घालत होता आणि तू पिशवी गाडीत ठेवून वर त्यांना विसरभोळा म्हणालास. लाज वाटू दे रणजीत.

ड्रिपर त्यांनी का काढले, तेही विचारलं मी. घरी येऊन चहा ठेवला आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, प्रेशर का जातं म्हणून कुणी शोधायला लागलं असतं तर पाइप धरून शेडपर्यंत गेलं असतं. स्नेहलला कळलं असतं, तुझ्या या ताईला कळलं असतं, भावाबहिणीत जुंपली असती. म्हाताऱ्यानं तोट्या उपटल्या म्हटलं की शोध तिथंच संपतो. मागच्या उन्हाळ्यात एकदा उपटल्याच होत्या, म्हणून सगळ्यांना खरं वाटणार हेही त्यांना ठाऊक होतं. विसरणारा माणूस इतका विचार करतो का? तू त्यांना चारचौघांत बोललास तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. तुझ्या त्या आवाजाखाली मान खाली घालून ते 'व्हय' म्हणाले, आणि ती त्यांनी तुझी मान खाली जाऊ नये म्हणून घातली होती.

तू म्हणशील, ताई, माझ्या लक्षातच आलं नाही की लाइनमुळं प्रेशर जातंय. एक वेळ मानते. कामाच्या धबडग्यात तू पाइप जोडलास आणि विसरलास, असं धरून चालते. मग विसरलं कोण, हे तूच सांग. डॉक्टरची चिठ्ठी कुणाच्या नावानं फाडायला हवी?

शेडचा कॉक मी बंद केलाय आणि त्याचा दांडा काढून माझ्या पिशवीत टाकलाय. तो इथं आळंदीला, खानावळीत, डाळीच्या डब्यांमागं आहे. हवा असेल तर न्यायला ये. ज्योतीरामला सांगितलंय की टँकर मागव आणि साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग. आबा माझ्यावर चिडलेत. भिंतीला तडा गेला तर पोराचं नुकसान होईल, हेच त्यांच्या डोक्यात. पण काल सकाळी ठिबक सुरू झालं आणि तिन्ही ओळींना पाणी पोचलं. मधल्या ओळीत आता पोचून उपयोग नाही, तिथं नवीन रोपं लावावी लागतील. ठिबक मी काढलं नाही, नळ्या गुंडाळल्या नाहीत, आणि तू पाठवलेला माणूस आला तर त्याला मी आत पाऊल ठेवू देणार नाही.

एवढं सगळं मी चार दिवसांनी, राग शांत झाल्यावर, तोंडानंही सांगितलं असतं. आबांनी तर हात धरून सांगितलंय, त्याला सांगू नकोस. तरी लिहितेय आणि आजच लिहितेय, कारण काल निघताना मी त्यांना म्हटलं की गुरुवारी डॉक्टरांनी काही विचारलं तर नीट, सावकाश उत्तरं द्या, घाबरू नका. तर ते हसले. म्हणाले, "डागदर वार इचारत्यात म्हनं. मी भलताच सांगीन. पोराचं काम हुईल, तंटा बी मिटंल." पांढरा सदरा काढून ठेवलाय त्यांनी, त्यासाठी. रणजीत, आपल्या बापाला एक वेळ बाकीचे वार सांगता येणार नाहीत, पण गुरुवार चुकणार नाही. कंपनीची सुट्टी गुरुवारी असते, तू आलास तर त्याच दिवशी येतोस, म्हणून दर गुरुवारी ते अंगण झाडून, दाढी करून, दुपारपर्यंत ओट्यावर बसतात. बहुतेक गुरुवारी तू येत नाहीस. नेमका तोच वार ते परवा तुझ्यासाठी चुकीचा सांगणार आहेत. डॉक्टरांची वेळ रद्द कर. आणि तरीही गुरुवारी ये.

अजून तरी तुझीच,
रंभाताई